सातशे रुपये किलोचं गवत आणि बाकीचा संसार : आजारी सशासाठी काय घ्यावं, काय घेऊ नये

सुक्या गवताला किलोमागे सातशे रुपये मोजणारा माणूस आमच्या कोरेगाव तालुक्यात येडाच ठरेल. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात कृषी सहायक म्हणून झाली. तिथे कडबा शेकड्यावर विकतात. पेंढी उचलून तोलायची, बुडखा किती जाड ते बघायचं, पाला शिल्लक आहे की नुसती ताटं उरलीत ते बघायचं, नाकाशी धरायची आणि मगच भावाचं बोलायचं. निवृत्त होऊन पुण्यात धायरीला मुलाकडे राहायला आलो आणि आता कुरिअरवाल्याच्या हातून प्लास्टिकच्या पिशवीतलं अमेरिकन गवत घेतो. तेही ज्या जनावरासाठी, ते दोन किलोचंसुद्धा नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं सूनबाई म्हणते. तिचा हिशेब बरोबर आहे. पण या कोंबडीला दातांचं आणि पोटाचं जोडदुखणं आहे, आणि त्यात पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये हे मला आता बऱ्यापैकी कळलंय. ज्यांच्या घरी असा ससा आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

सशाचं नाव पेंद्या. नातीने ठेवलेलं. पांढरा, आखूड चपट्या तोंडाचा, वय पाच, वजन चांगलं असतं तेव्हा पावणेदोन किलो. असल्या आखूड तोंडाच्या सशांचे दात वाकडे बसण्याची शक्यता मुळातच जास्त असते, त्यात तो लहानपणी दुकानातल्या रंगीत दाण्यांवर वाढलेला. पहिलं लक्षण दिसलं ते हनुवटी ओली राहण्याचं. मग कोथिंबीर तोंडात घ्यायची आणि टाकायची. मग लेंड्या बारीक झाल्या. लेंडी बघून जनावराचं पोट ओळखायची सवय मला शेळ्यांमुळे होती, म्हणून ती गोष्ट घरात आधी माझ्या लक्षात आली.

वस्तूंकडे वळण्याआधी थोडं शरीरशास्त्र सांगतो, नाहीतर सातशे रुपयांचा राग जाणार नाही. सशाला २८ दात असतात आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. कडबा खाताना बैलाचा जबडा आडवा फिरतो ना, लांब काडी खाताना सशाचाही तसाच फिरतो, आणि मिनिटाला शंभरच्या वर वेळा फिरतो. गवतात सिलिका असते. तिच्यामुळे दाढा एकमेकींवर घासून सपाट राहतात. दाण्याचं तसं नाही. दाणा वरून खाली चावला की फुटला, संपला. दाढा आडव्या घासल्याच जात नाहीत. मग खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने आणि वरच्यांना गालाच्या बाजूने टोकं येतात. जीभ कापते, गाल सोलवटतो, ससा गवत टाळून मऊ तेवढं खातो आणि टोकं आणखी वाढतात. वाढ मुळाकडच्या बाजूनेही होते, म्हणून कधीकधी पहिलं लक्षण डोळ्यातून पाणी येण्याचं असतं. आसवांची नळी वरच्या दातांच्या मुळांशेजारून जाते.

पोटाचं दुखणं याच्याच पाठोपाठ येतं. गाईचा चारा पुढच्या पोटात आंबतो, म्हणून ती रवंथ करते. सशाचा आंबतो मागे, लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरच्या एका मोठ्या पिशवीत. तिथे तयार झालेला मऊ, चिकट माल तो बाहेर पडता पडताच स्वतः तोंडाने घेऊन खातो. ती त्याची रवंथ समजा. किळस करू नये. हे सगळं चालू राहतं ते न पचणाऱ्या लांब तंतूच्या जोरावर. तंतू थांबला की आतडं मंदावतं, आत वायू धरतो, दुखतं, दुखलं की ससा खात नाही, आणि खाल्लं नाही की आतडं आणखी मंदावतं. सशाला उलटी करता येत नाही. त्यामुळे दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल आणि लेंडी टाकत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा.

आता गवत. टिमोथी नावाचं हे गवत आपल्याकडे दख्खनमध्ये होत नाही. त्याला थंडी लागते. बाजारात येतं ते बहुतेक अमेरिका-कॅनडातून. वॉशिंग्टन राज्यातल्या किटिटास खोऱ्यातलं टिमोथी जपानपर्यंत घोड्यांसाठी जातं, म्हणजे वैरणीतलं हे मोठं घराणं आहे. ओळखायला सोपं: बाजरीचं कणीस करंगळीपेक्षा बारीक करून काडीवर बसवावं तसं त्याचं कणीस दिसतं. पिशवीत ही कणसं दिसली नाहीत तर काय आणलंय ते विचारा.

विक्रेते 'फर्स्ट कट', 'सेकंड कट', 'थर्ड कट' असं लिहितात. याला आपण पहिली, दुसरी, तिसरी कापणी म्हणू. पहिल्या कापणीत काडी जाड, कणीस जास्त, तंतू जास्त. दुसऱ्यात पान वाढतं, काडी मऊ होते. तिसरी म्हणजे जवळजवळ नुसती पातच, हाताला रेशमी लागते आणि भावही तिचाच चढा असतो. निरोगी सशाला पहिली कापणी उत्तम आणि तीच सहसा स्वस्त मिळते. पेंद्याचं वेगळं. डॉक्टरांकडून दाढांची टोकं घासून आणल्यावर त्याचं तोंड हुळहुळं असतं, तेव्हा पहिल्या कापणीची काडी तो हुंगतो आणि पाय आपटून निघून जातो. तेव्हा दुसरी कापणी. आठवडाभरात तो नीट खायला लागला की तिच्यात मूठमूठ पहिली मिसळायची, आणि हळूहळू प्रमाण उलटं करायचं. तिसऱ्या कापणीवर मी पैसे घालवणार नाही. ज्या कामासाठी गवत द्यायचं ते दाढा घासण्याचं काम तिच्याकडून फार होत नाही. अगदीच काही खात नसेल तर भूक उघडायला ठीक.

पिशवी आली की मी ती आधी मोकळी करतो आणि जुन्या चादरीवर पसरतो. रंग हिरवट असावा. बाहेरचा थर थोडा पिवळा असला तर उन्हाने गेला असेल, ते चालतं. तपकिरी आणि काळपट ठिपके चालत नाहीत. काडी हाताएवढी नाही तरी बोटभर तरी लांब असावी. एका विक्रेत्याकडून (नाव लिहीत नाही) आलेल्या पिशवीचा खालचा तिसरा हिस्सा नुसता चुरा होता. चुरा दात घासत नाही, नाकात जातो आणि ससा शिंकत बसतो. फोटो पाठवून पैसे परत मागितले तर 'नैसर्गिक उत्पादन आहे, फरक पडतो' असं उत्तर आलं. मी म्हटलं, बाबा, माझं आयुष्य या नैसर्गिक उत्पादनात गेलं, त्याला आमच्याकडे भुसा म्हणतात आणि त्याचा भाव वेगळा असतो. पैसे मिळाले नाहीत. त्यानंतर मी आधी छोटी पिशवी मागवतो, ती पसरून बघतो आणि मगच त्याच मालाची मोठी घेतो. मोठ्या पिशवीत किलोमागचा भाव बराच उतरतो, पाचशेच्या आतही येतो.

वासाला चहापत्तीच्या डब्यासारखा गोडसर सुका वास हवा. कुबट आला तर दात, पोट काही बघू नका, सरळ फेका. बुरशी लागलेली वैरण गाय सोसून नेते, ससा नेत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात हे फार जपावं लागतं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात गवत भरलं की आतला ओलावा आतच राहतो. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात, कपड्याच्या जुन्या पिशवीत ठेवतो, खोकं भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून वर, गंजीखाली दगड लावतात त्याच तत्त्वावर. जून ते सप्टेंबर एका महिन्याच्या वर साठा करत नाही.

एवढ्यावर हे परीक्षण थांबवलं तर मी नोकरीला काळिमा फासल्यासारखं होईल, कारण खरा प्रश्न हा की इथलंच गवत का नको?

पहिलं उत्तर लोक देतात ते लसूणघासाचं. 'अल्फाल्फा' म्हणून दुकानात विकतात ते हेच. राहुरी विद्यापीठाचं आरएल-८८ वाण मी कितीतरी शेतकऱ्यांना दिलं आणि दुभत्या गाईला त्यासारखं दुसरं नाही. पण त्यात प्रथिनं टिमोथीच्या जवळपास दुप्पट आणि कॅल्शियम तीन-चार पट. सशाचं आतडं येईल तेवढं कॅल्शियम आत घेतं आणि जादाचं लघवीवाटे काढून टाकतं. लघवी पांढरट, गाळासारखी दिसायला लागते आणि मूत्राशयात गाळ साठतो. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला किंवा गाभण मादीला लसूणघास चालतो. पेंद्याला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे ससेपालनाची जी माहितीपत्रकं फिरतात त्यांत लसूणघास आणि खुराक भरपूर द्या असं लिहिलेलं असतं. ती पत्रकं खोटी नाहीत. ती मांसासाठी वाढवलेल्या सशांची आहेत, न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला. त्या सशाला तीन महिन्यांत दोन किलो व्हायचं असतं आणि पुढे त्याला दाढा असल्या काय, नसल्या काय. घरातला ससा आठ-दहा वर्षं जगवायचा आहे. दुकानदार सल्ला देतो तो बहुतेक वेळा या पहिल्या सशाचा असतो.

दुसरं उत्तर ओटचं, आणि हे मला जमलं. कोरेगावच्या भाच्याने रब्बीत गव्हाच्या कडेला थोड्या जागेत ओट पेरला, फुले हरिता वाण. अट एवढीच घातली की कसलीही फवारणी नाही आणि फुलोऱ्यावर असतानाच कापायचा. दाणा भरू द्यायचा नाही. दाणा भरला की ससा तेवढाच निवडून खातो आणि पोटात पिष्ट जाऊन वायू धरतो. कापून सावलीत, पातळ पसरून वाळवला, म्हणजे पान झडत नाही आणि रंग टिकतो. एसटीच्या पार्सलने दोन पोती आली. पेंद्याने पहिल्या दिवशी त्यात फक्त लघवी केली. मग टिमोथीत मिसळून दिला तर खाऊ लागला, आणि आता पात आणि फुलोरा आवडीने खातो, ओटच्या जाड काड्या मात्र तोंड बरं असेल तेव्हाच. माझ्या मते निरोगी सशाला चांगला वाळवलेला ओट टिमोथीच्या जागी बेलाशक चालेल. दुखऱ्या तोंडाच्या सशाला निम्मा-निम्मा. भाच्याने विचारलं, मामा, तुमचं ते अमेरिकन गवत काय भावाने पडतं? मी विषय बदलला. भाव ऐकून तो गहू मोडेल.

मारवेल गवत हाती लागलं तर तेही छान, पान मऊ आणि वाळल्यावरही वास टिकतो, पण पुण्यात ते मिळवणं अवघड. हरळी ताजी, धुऊन, रोज मूठभर द्या. रस्त्याकडेची मात्र नको, तिथे कुत्री आणि तणनाशक दोन्ही असतात. कडबा या आकाराच्या जनावराला फार जाड. भाताच्या काडात सिलिका भरपूर असली तरी पोटाला काही मिळत नाही. हिरवी कोवळी ज्वारी तर जनावरालाही घालू नये हे शेतकऱ्याला सांगायला नको, शहरातल्यांना सांगतो: तिच्यात विष असतं.

आता दुसरी महाग वस्तू. ऑक्सबो कंपनीचं 'क्रिटिकल केअर', नेब्रास्कातून येतं. टिमोथी दळून त्यात बाकीची जोड घातलेली पूड आहे. कोमट पाण्यात कालवून सिरिंजने भरवायची. किलोच्या हिशेबाने बघितलं तर टिमोथीपेक्षाही महाग, म्हणून तो हिशेब करू नका. ही वैरण नव्हे, हे सलाइनच्या जागचं खाणं आहे. ससा स्वतः खात नाही त्या दोन-तीन दिवसांत आतडं चालू ठेवायला याच्या तोडीचं मला दुसरं काही सापडलं नाही. एका भागाला दोन भाग पाणी. आम्हाला डॉक्टरांनी दिवसाला वजनाच्या किलोमागे ५० मिलिलिटरच्या आसपास, चार-सहा वेळा विभागून द्यायला सांगितलं. बडीशेपेसारख्या वासाची पुडी पेंद्याला चालते, सफरचंद-केळ्याची जास्त चालते. घरात सगळ्यांना माहीत आहे की सफरचंद-केळ्याला तो स्वतःहून सिरिंज चाटायला लागला म्हणजे दुखणं उतरलं.

कालवलेलं उरलं तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचं. एक सावधगिरी फार महत्त्वाची: पोट टणक, ढोलासारखं ताणलेलं असेल तर डॉक्टरने हात लावल्याशिवाय काहीही भरवू नका. आतडं मंद असणं वेगळं आणि अडकलेलं असणं वेगळं. दुसऱ्यात भरवलं तर जिवावर बेततं. घरी बसून हा फरक मला ओळखता येत नाही, तुम्हालाही येणार नाही.

यावर स्वस्त पर्याय म्हणून लोक काय काय सुचवतात! लहान बाळांचं डब्यातलं तयार खाणं, दूधभात, ताक, केळं कुस्करून. पिष्ट आणि साखर त्या मागच्या पिशवीत गेली की नको ते जंतू माजतात. शेजारच्या आजोबांनी गाईच्या पोटफुगीचं गोडेतेल सांगितलं. गाईला मी स्वतः पाजलेलं आहे. सशाच्या अंगात तेवढी सोय नाही. मध्यरात्री पुडी नसलीच, तर रोजचं बिनरंगाचं गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, वाटून, गाळून दिलेलं एक वेळ चालतं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

सिरिंज मेडिकलमधली साधी घेतली तर टोक बारीक असतं, पूड अडकते, मग आपण जोर लावतो आणि एकदम पिचकारी घशात जाते. रुंद तोंडाची मागा. टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंडाच्या कडेने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, एका वेळी थेंबभर. चावला, गिळला, की पुढचं. नात हे माझ्यापेक्षा चांगलं करते. तिचे हात लहान आहेत आणि तिला घाई नसते.

सगळ्यात पैसे वसूल वस्तू कोणती विचाराल तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. पाचशेच्या आत येतो. पाच किलोपर्यंतचा घ्या, वर प्लास्टिकची टोपली ठेवून शून्य करा, सशाला बसवा. दर रविवारी, खाण्याआधी, एकाच वेळी. ससा आजार लपवतो. शिकार होणाऱ्या जनावराला तसंच राहावं लागतं. केसांमुळे तो वाळलेला दिसत नाही. पण काटा लपवत नाही. पेंद्याचं वजन पन्नास ग्रॅमने उतरलं की आम्ही हनुवटी चाचपतो, शंभराने उतरलं की डॉक्टरांना फोन. वासराची छाती फितीने मोजून वजन काढणाऱ्या माणसाला ही चैन वाटते, पण हा काटा नसता तर निदान दोन दुखणी हाताबाहेर गेली असती.

डॉक्टरांबद्दल. पुण्यात कुत्र्यामांजरांचे चांगले डॉक्टर पुष्कळ आहेत. सशाचे दात बघणारे थोडे. नावं मी घालत नाही, कारण नावापेक्षा फोनवर विचारायचे प्रश्न कामाचे. भूल देण्याआधी ससा उपाशी ठेवायचा का, हा पहिला. 'रात्रीपासून काही देऊ नका' असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. उलटी होतच नाही म्हटल्यावर उपास कशाला, आणि उपासाने आतडं मात्र थांबतं. दुसरा: मागच्या दाढा कशा बघता? सशाचं तोंड इतकं कमी उघडतं की नुसत्या डोळ्यांनी मागचं काही दिसत नाही. आमचे डॉक्टर कान तपासायचं उपकरण गालाच्या बाजूने तोंडात घालून बघतात, आणि मुळांसाठी डोक्याचा एक्स-रे काढतात. तिसरा प्रश्न पुढच्या दातांचा. आधीच्या एका दवाखान्यात ते नखं कापायच्या कटरने कापायला घेतले होते. सुनेने पेंद्याला उचललं आणि बाहेर आली. कटरने दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते, आणि सशाच्या जबड्यात पू झाला तर तो दह्यापेक्षा घट्ट असतो, नुसता चिरा देऊन वाहून जात नाही. फिरत्या चकतीच्या यंत्राने घासणारा डॉक्टर हवा.

चौथी गोष्ट विचारायची नाही, लक्षात ठेवायची. अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन अशी प्रतिजैविकं सशाला तोंडावाटे चालत नाहीत; आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाही. घरात कुणाचं तरी उरलेलं औषध असतंच, ते थोडंसं द्यावं असं कुणाच्याही मनात येऊ शकतं. आमच्या फ्रिजवर नातीने लाल पेनने तसा कागदच लावलाय. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर सोडतात त्या फिप्रोनिलचंही तेच, सशाला विष.

आत्ताच्या डॉक्टरांकडे पेंद्या भुलेखाली जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्याच गवताची पिशवी जाते, शुद्धीवर आल्या आल्या पुढ्यात ठेवायला. वेदनेचं औषध आधीच दिलेलं असतं. अंग गार पडू नये म्हणून खाली गरम गादी. सशाचं साधं तापमानच ३८.५ ते ४० अंश, त्याखाली घसरलं की काळजी. त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं की भुलेचा धोका सशाला कुत्र्यापेक्षा बराच जास्त असतो, ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत शंभरामागे एकाहून थोडे जास्त ससे दगावले होते, आणि हे दुखणं मुळातून जात नाही, काही महिन्यांनी पुन्हा यावं लागेल. बिल दर वेळी चार आकडी होतं. प्रतीक्षागृहात शेजारी लॅब्राडोर बसतो आणि ससा टोपलीत दगड होऊन बसतो, एवढी एक गैरसोय आहे. आम्ही आता दुपारची शांत वेळ मागून घेतो. असं खरं बोलणारा डॉक्टर मिळाला तर अंतर बघू नका. आम्ही धायरीहून पार औंधच्या बाजूला जातो.

बाकीचं झटपट. गोळीखाद्य: बिनरंगाचं, एकाच आकाराचं, बिया आणि सुकी फळं न मिसळलेलं, वजनाच्या किलोमागे दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम, त्याहून जास्त नाही. पाल्यात कोथिंबीर, पुदिना, तुळस, मुळ्याचा पाला, थोडी मेथी. पालक कधीतरी. कोबी आमच्याकडे बंद. गाजर हे बक्षीस म्हणून, चकतीभर. चित्रातला ससा काय खातो ते चित्रकाराला विचारा. पाणी बाटलीच्या नळीतून नको, जड वाडग्यात द्या, जास्त पिलं जातं. एप्रिल-मेमध्ये तीस अंशांच्या वर सशाला सोसत नाही, तेव्हा फरशीवर ओलं गोणपाट आणि पंखा; कूलिंग मॅट म्हणून विकतात त्या जेलच्या गादीला पेंद्याने एका दुपारीत भोक पाडलं.

दात घासायला म्हणून लाकडी खेळणी विकतात. पुढचे दात घासतील कदाचित, दाढांना त्यांचा काही उपयोग नाही, आणि दुखणं दाढांचंच आहे. खनिज मिठाची टांगायची चकतीही एका गवताच्या पिशवीबरोबर फुकट आली होती. वर सशाचं चित्र. खाण्यापिण्यातून मीठ पुरेसं मिळतं, सशाला वेगळं लागत नाही. आमच्या मागच्या गल्लीत अजून एक गोठा शिल्लक आहे, तिथल्या गाईला नेऊन दिली. तिने ती एका आठवड्यात चाटून संपवली. तिच्याकडून पाचपैकी पाच तारे.